तुम्ही काठाने, ते पाण्याने

पत्र थोडक्यात असं आहे: सांगलीच्या एका ताई, वय ५९, गेल्या वर्षी मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या. लॉकडाऊनमध्ये कितीतरी वर्षांनी सायकल हाती घेतली, ती आता सुटत नाही. आठवड्यातून चार दिवस पहाटे हरिपूरच्या संगमापर्यंत जाऊन येतात, अधूनमधून नरसोबाच्या वाडीलाही. लेक-जावई जर्मनीत आहेत. लेकीने निवृत्तीची भेट म्हणून आईबाबांना तिथल्या, वाइनच्या द्राक्षमळ्यांमधून वाहणाऱ्या मोझेल नदीवरची आठवड्याची सहल देऊ केली आहे. मुक्काम छोट्या जहाजावर, दिवसा नदीकाठाने सायकल, संध्याकाळी पुढच्या गावी जाऊन जहाज गाठायचं. यजमान ६४ वर्षांचे, मूळचे तासगाव तालुक्यातले. घरची द्राक्षबाग भाऊ बघतात, पण छाटणीच्या दिवसांत हे गावाकडे हजर असतातच. डावा गुडघा दुखतो, सायकल चालवणार नाहीत. त्यांचं म्हणणं, "दारूच्या मुलखात आपल्यासारख्यांचं काय काम? आणि तू सायकलवर, मी बोटीवर एकटा, हे कसलं बरोबर फिरणं? त्यापेक्षा ग्रुप टूरने बारा दिवसांत आठ देश बघू, जेवणाचीही चिंता नाही." ताई विचारतात, "आजवर सगळं त्यांच्या मनाप्रमाणे केलं. आता मैत्रिणीला घेऊन सरळ जाऊ का? की हा नाद सोडून देऊ?"

ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. यजमानांचं वाइनबद्दलचं म्हणणं तुम्ही पानभर लिहिलंत आणि गुडघ्याबद्दल एकच ओळ. मला वाटतं, खरी गोष्ट त्या एका ओळीत आहे.

डोळ्यांसमोर आणून बघा. बायको पहाटे उठून वाडीपर्यंत जाऊन येते, आणि आपल्याला जिना उतरताना कठडा धरावा लागतो. अशा माणसाला परक्या देशात, भाषा येत नसताना जहाजावर बसवून बायको दिवसभर निघून जाणार. "मला भीती वाटते" किंवा "मी मागे पडलोय" हे आपल्याकडचा चौसष्टीचा पुरुष सहसा बोलत नाही. तो म्हणतो, "दारूच्या मुलखात काय काम?" माझा अंदाज चुकीचाही असेल. पण "ते मला अडवतात" असं धरून चालण्याआधी एकदा त्यांना विचारा, "मी सायकलवर गेले की तुम्हाला दिवसभर काय करावंसं वाटेल?" हा प्रश्न तुम्ही विचारल्याचं पत्रात कुठे दिसत नाही. सायकलचं तुम्ही ठरवलंत, सहलीचं लेकीने ठरवलं, त्यांच्या वाट्याला फक्त हो किंवा नाही म्हणणं उरलं. मग ते नाही म्हणाले.

आता "बरोबर फिरणं" म्हणजे काय, ते बघू. ग्रुप टूरच्या बसमध्ये दोघं शेजारी बसतात, एक खिडकीशी झोपलेला, दुसरा पुढच्या हॉटेलची वाट बघत. जहाज-सायकलच्या सहलीत सकाळचा नाश्ता बरोबर, संध्याकाळचं जेवण बरोबर, मधले सहा तास ज्याचे त्याचे. आणि रात्री एकमेकांना सांगायला काहीतरी असतं! चाळीस वर्षांच्या संसारात ही चैन थोडी नाही.

हे मी ऐकीव सांगत नाही. काही वर्षांपूर्वी मी आणि माझी थोरली बहीण याच नदीवर अशाच सहलीला गेलो होतो. तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून ती जहाजावर आणि मी सायकलवर. पहिल्या संध्याकाळी ती गप्प होती, माझ्यावर रागावलेलीच. दुसऱ्या दिवशी मी एका लॉकपाशी थांबले. लॉक म्हणजे बांधाशेजारची पाण्याची कोंडी. जहाज आत घेतात, मागचं दार लावतात, पाणी भरून जहाज वर उचलतात आणि पुढच्या पातळीवर सोडून देतात. मी वरच्या कठड्याला टेकून उभी होते आणि बहीण खाली, खोल विहिरीत असल्यासारखी, डेकवरच्या खुर्चीत. पाणी चढत गेलं तशी ती हळूहळू वर येत गेली. आधी टोपी दिसली, मग चष्मा. दहा-पंधरा मिनिटांत आम्ही समोरासमोर आलो. ती म्हणाली, "अगं, पंप नाही की काही नाही, नुसती दारं उघडून वरचं पाणी आत घेतात!" त्या दिवसापासून पुढचं लॉक किती वाजता, हे कप्तानाच्या खोलीत जाऊन विचारून येणं हे तिचं काम झालं. ट्रिअर ते कोब्लेन्झ या टप्प्यात अशी दहा लॉक आहेत. १९६४ मध्ये ही नदी मोठ्या जहाजांसाठी खुली झाली ती यांच्यामुळेच.

मोझेलचा भूगोल तुमच्या दोघांच्या सोयीचा आहे. ट्रिअरपासून कोब्लेन्झ सरळ रेषेत शंभरेक किलोमीटर, पण नदीकाठाने जवळजवळ दोनशे, इतकी ती वळणं घेत जाते. कोखेमजवळ रेल्वे चार किलोमीटरच्या बोगद्यातून पलीकडे निघते, नदी मात्र तेवढ्यासाठी वीस किलोमीटरहून मोठा फेरा घालते. सायकलची वाट बहुतेक सगळी काठाने, सपाट, डांबरी. चढ आहेत ते काठावरच्या मळ्यांत, वाटेवर नाहीत. दिवसाला तीस ते पन्नास किलोमीटर असा या सहलींचा बेत असतो. वाडीला जाऊन येणाऱ्या बाईला हे अवघड नाही.

पण एक गोष्ट प्रामाणिकपणे तपासून घ्या. एक दिवस चाळीस किलोमीटर चालवणं वेगळं आणि सलग सहा दिवस वेगळं. तिसऱ्या दिवशी पाय कुरकुरत नाहीत, बैठक कुरकुरते. तेव्हा निघायच्या दोन महिने आधीपासून कधीतरी सलग तीन दिवस तीस-तीस किलोमीटर करून बघा, आणि गादीची सायकलिंग चड्डी आत्ताच घेऊन तिची सवय करा. बॅटरीची सायकल घेण्यात कमीपणा मानू नका. ती पायडल मारल्यावरच मदत करते आणि ताशी २५ किलोमीटरनंतर मदत थांबवते. नदीच्या वाऱ्याला तोंड देताना तिची किंमत कळते. जहाजावर अशा सायकली मोजक्या असतात, म्हणून बुकिंग करतानाच सांगून ठेवा.

आणि ब्रेक. हे मी ठळक सांगते, कारण माझं कोपर यातच सोलवटलं होतं. तिकडच्या बऱ्याच भाड्याच्या सायकलींना मागच्या चाकाचा ब्रेक पायडलमध्ये असतो. पायडल उलटं फिरवलं की ब्रेक लागतो. आपल्याला थांबताना पाय उलटा फिरवून पायडल सोयीचं वर आणायची लहानपणापासूनची सवय. तसं केलं की सायकल जागच्या जागी थांबते आणि आपण आडवे. "पायडल ब्रेक नको, दोन्ही ब्रेक हाताचे हवेत" असं लेकीला आधीच लिहून कळवायला सांगा. तिकडे वाहनं उजवीकडून चालतात हे तुम्हाला ठाऊक असेलच, पण पहिल्या दिवशी प्रत्येक वळणावर ते मनात म्हणत जा.

आता वाइनकडे वळते, कारण यजमानांचा आक्षेप मी उडवून लावलेला नाही. तुम्ही दोघं घेत नाही. चांगलं आहे, घेऊ नका. कोणी आग्रह करत नाही. मळेवाले स्वतःच्या द्राक्षांचा रसही विकतात, त्याला त्राउबेनझाफ्ट म्हणतात, एवढा एक शब्द पाठ करा. दारावर झाडू किंवा फुलापानांचा झुपका टांगलेलं घर दिसलं की समजायचं, इथे मळेवाल्याने स्वतःच्या अंगणात बाकं मांडली आहेत. वर्षातून फार तर चार महिने आणि चाळीस जणांपर्यंत बसवण्याची त्यांना मुभा असते. तिथे रसाचा पेला घेऊन तासभर बसलात तरी कोणी वळून बघत नाही. सप्टेंबरमध्ये मळ्यातले लाल गराचे पीच मिळतात, त्यांचा जाम घरी न्यायला उत्तम. (ज्या वाचकांना चव घ्यायची असेल त्यांनी ती संध्याकाळी, सायकल लावून झाल्यावर घ्यावी. तिकडे सायकलवाल्यालाही दारूचे कायदे लागू आहेत, आणि शेजारी नदी आहे.)

पण माझा मुद्दा वेगळाच आहे. ताई, तुमचे यजमान तासगावचे आहेत! या मुलखात तुमच्यापेक्षा त्यांना बघण्यासारखं जास्त आहे, आणि हे त्यांना कोणी सांगितलेलंच दिसत नाही. त्यांनी जन्मभर मांडवावरची द्राक्षं पाहिली. इथे मांडवच नाही. जुन्या मळ्यांत प्रत्येक वेलाला स्वतःचा एक खांब, आणि दोन काड्या वाकवून त्या खांबाला बदामाच्या आकारात बांधलेल्या. आपल्याकडे एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी, कारण आपला वेल झोपतच नाही, त्याला झोपवावं लागतं. तिथला वेल थंडीत आपोआप झोपतो, छाटणी हिवाळ्यात एकदाच, फुलोरा जूनमध्ये, काढणी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत. निम्म्याहून जास्त लागवड रीसलिंग या एकाच जातीची. जमीन म्हणजे पाटीच्या दगडाच्या काळ्या चिपा. दिवसा त्या तापतात आणि रात्री ती ऊब वेलाला देतात. पन्नास अक्षांशाच्या थंडीत द्राक्ष पिकतं त्यात या दगडाचाही हात आहे.

ब्रेम गावापाशी काल्मोंट नावाचा मळा आहे. त्याचा चढ काही ठिकाणी पासष्ट अंशांच्या आसपास, म्हणजे शिडीसारखाच. ट्रॅक्टर चढूच शकत नाही. एका रुळावरून चालणारी छोटी गाडी माणसं आणि क्रेट वरखाली नेते, आणि घड हाताने तोडावे लागतात. अशा उभ्या मळ्यांवर फवारणी हेलिकॉप्टरने करायची पद्धत आहे, आता ड्रोनही आले. डाऊनी आणि भुरी त्यांनाही सुटलेली नाही, दोन्ही रोग एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून युरोपात गेले. मुळं खाणारी फायलोक्सेरा कीडही त्याच वाटेने आली, तेव्हापासून युरोपात वेल अमेरिकन खुंटावर कलम करतात, जसे तुमच्याकडे डॉगरिजवर करतात. तरी मोझेलच्या काठी खुंटाविना स्वतःच्या मुळांवर उभे असलेले म्हातारे वेल अजून आहेत. तासगावचा माणूस अशा वेलाच्या खोडावर हात ठेवून पाच मिनिटं उभा राहील, असं मला वाटतं. आणि हे सगळं बघायला सायकल लागत नाही. जहाजाच्या डेकवरून दोन्ही काठांचे मळे दिसतात, आणि गावात उतरल्यावर पहिली ओळ शंभर पावलांवर असते.

हे त्यांना तुम्ही सांगा, पण पटवायला म्हणून नको. मोबाइलवर त्या एका खांबाच्या बांधणीचा फोटो दाखवा आणि विचारा, "हे असं का बांधत असतील हो?" पुढचं ते बोलतील.

आता गुडघा. ग्रुप टूरपेक्षा जहाज गुडघ्याला सोपं, कारण बॅग एकदाच उघडायची. पण जहाज म्हटलं की लिफ्ट असेल असं धरू नका. या सहलींची जहाजं लहान असतात, केबिन आठ-दहा पावलांची, जिने अरुंद आणि उभे. खालच्या मजल्यावरची केबिन स्वस्त पडते, पण तुम्ही वरची घ्या. धक्क्यावर दोन-तीन जहाजं एकमेकांना लागून उभी असली तर शेजारच्या जहाजावरून चालत जावं लागतं, हेही त्यांना आधी सांगा. ऐनवेळी कळलं तर चिडचिड होते. सर्वात महत्त्वाचं लेखी विचारून घ्या: सायकल न चालवणाऱ्याला दिवसा जहाजावर थांबता येतं ना, जहाज कधी निघतं, कधी पोचतं. काही सहलींत येतं, काहींत नाही. दोघांच्या फोनमध्ये तिकडचं चालणारं कार्ड हवं आणि दोघांच्या खिशात जहाजाचं नाव व त्या दिवशीच्या धक्क्याचं गाव लिहिलेली चिठ्ठी हवी. तुम्ही नदी सोडली नाहीत तर हरवायचा प्रश्न नाही. चिठ्ठी आहे ती त्यांच्या मनाच्या स्वस्थतेसाठी.

जेवणाची त्यांची चिंता मात्र खरी आहे. आम्ही शाकाहारी असल्याचं बुकिंगच्या वेळी कळवलं होतं, पण ते स्वयंपाकघरापर्यंत पोचलंच नव्हतं. पहिल्या दोन रात्री उकडलेला बटाटा आणि कोबी. तिसऱ्या दिवशी आचाऱ्याशी समोर बसून बोललो, मग छान सोय झाली. तुम्ही पोचल्या दिवशीच बोला, आणि "मांस नको, मासे नकोत, भाजीत डुकराच्या मांसाचे तुकडे नकोत" असं सुटं सुटं सांगा, कारण कांद्याच्या पोळीसारख्या पदार्थांतही ते घातलेले असतात. नाश्ता भरपूर असतो, त्यातूनच दुपारचा डबा आपण भरून घ्यायचा. सोबत भाजणी नको, केबिनमध्ये काही शिजवता येत नाही. मेतकूट, चटण्या, लोणचं न्या. तूप, पेढे, खवा नेऊ नका. युरोपात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे आणि विमानतळावर ते काढून घेतात.

जहाज नकोच असं त्यांनी ठामपणे म्हटलं, तर आणखी एक वाट आहे, आणि तुमच्यासारख्या जोडप्यांना ती मी बरेचदा सुचवते. बर्नकास्टेल-कूस किंवा कोखेमसारख्या एका गावात आठवड्यासाठी स्वयंपाकघर असलेली खोली घ्या. तुम्ही सकाळी सायकलने निघा, त्यांनी दुपारच्या प्रवासी बोटीने किंवा रेल्वेने तुमच्या गावी यावं, येताना दोघं बोटीने परत. साधारण ईस्टरपासून ऑक्टोबरपर्यंत या बोटी चालतात. घरचा भात-आमटी होते आणि जिने टळतात. जहाजावरची ती कोंडीतून वर येण्याची मजा कमी मिळते, एवढंच. रेल्वेबद्दल एक सूचना: ती सगळीकडे नदीला धरून जात नाही. बर्नकास्टेलला तर स्टेशनच नाही, तिथे बसवर अवलंबून राहावं लागेल. कोखेम त्या दृष्टीने सोयीचं.

नदीची स्वतःची मर्जीही असते, हे सांगलीकरांना मी काय सांगू. पूर आला की जहाजं थांबतात. डिसेंबर २०२४ मध्ये म्यूडेनच्या लॉकच्या दाराला मालवाहू जहाज धडकलं आणि वरच्या अंगाला कितीतरी जहाजं अडकून पडली. जहाज पुढे जाऊ शकलं नाही तर बस मिळणार की पैसे परत, हे करारात वाचून घ्या. तिथल्या गावांत घरांच्या भिंतींवर पुराच्या पातळीच्या रेघा मारून वर्षं लिहिलेली दिसतील, १९९३ ची तर ठिकठिकाणी. तुम्ही २०१९ पाहिलेल्या, त्या रेघांपाशी थांबाल.

मैत्रिणीबरोबर जावं का? जरूर जावं, पण रुसून नव्हे. यजमानांशी हे सगळं मोकळं बोलून झालं, आणि तरी ते शांतपणे म्हणाले, "तू जाऊन ये, मी बागेत रमतो," तर त्यात कोणाचाच पराभव नाही. त्यांची आठ देशांची टूरही मी वाईट म्हणणार नाही, ती त्यांची हौस आहे. ती पुढच्या वर्षी त्यांच्या पुढाकाराने करा, आणि त्या वेळी तुम्ही कुरकुर करू नका. फक्त "आजवर सगळं त्यांच्या मनाप्रमाणे केलं" हे वाक्य या सहलीच्या हिशेबात धरू नका. चाळीस वर्षांचं देणं एका आठवड्यात फिटत नाही, आणि ते वसूल करायला निघालं की सायकल जड होते.

आता तारीख. माझं म्हणणं असं, की ती त्यांनाच ठरवू द्या. जूनमध्ये गेलात तर तिथे वेलाला फुलोरा, रात्री साडेनऊपर्यंत उजेड, आणि इकडे बागेत त्यांच्यावाचून अडणार नाही. सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात गेलात तर काढणी बघायला मिळेल, पण परत येईपर्यंत इकडे गोडी छाटणीची गडबड सुरू झालेली असेल. यातला तोल बागायतदारच सांगू शकतो. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, फी माणशी ९० युरो, विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो, आणि गुडघ्याचं जुनं दुखणं त्या विम्यात बसतं का ते एजंटला स्पष्ट विचारा. लेकीला म्हणावं, तारीख बाबांकडून येईल, तोवर काही बुक करू नकोस.

आणि शक्य झालं तर कोब्लेन्झपासून सुरुवात करा. तिथे मोझेल ऱ्हाइनला मिळते. गावाचं नावच लॅटिनमधल्या संगम या शब्दावरून आलंय. पहिल्या संध्याकाळी दोघं त्या टोकावर जाऊन बसा, हरिपूरला बसता तसे. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही काठाने निघा, ते पाण्याने.